गादीतलं गादीत

ज्या संस्थेने त्या वस्तीतल्या बायकांना पायावर उभं करायचं मनावर घेतलं, तिने त्यांना मेणबत्त्या करायला शिकवल्या. मेणबत्त्याच का, हे देवाला विचारूनही उपयोग नव्हता. त्याच्यापुढे तर त्या ढिगाने जळायला लागल्या होत्या. सहा महिन्यांत एकशेवीस बायका तयार झाल्या आणि मग लक्षात आलं की विकणाऱ्या एकशेवीस आहेत आणि घेणारं कुणीच नाही, कारण घेणारीच्या घरात स्वतःच्याच पोतंभर पडल्या आहेत. अंधार पुरेना. दिवे जावेत म्हणून बायका हात जोडायला लागल्या, आणि वीजवाल्यांनी नेमकं त्याच वर्षी सुधारायचं ठरवलं.

तेव्हा एकीने मेणाचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "माणूस अंधारात असा किती वेळ बसतो गं? गादीवर मात्र रोज आडवा होतो."

तिला सगळे मुकादमीण म्हणत. पूर्वी ती बांधकामावर वाळू वाहायची. पाटी डोक्यावर असतानाही तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर आधी पोचायचा, म्हणून हे नाव. शहरातले जुने पिंजारी केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागले होते आणि लोकांच्या गाद्या दगड झाल्या होत्या. मुकादमिणीने भंगारातून कापूस पिंजायचं एक जुनं मशीन उचललं, बस डेपोच्या मागची पत्र्याची शेड मिळवली आणि जोडीला दोघी घेतल्या. संस्थेच्या मॅडम हळहळल्या. "अहो, मेणबत्त्या कशा फोटोत छान दिसतात. गादीचं आम्ही काय दाखवणार?"

"झोपून दाखवू," मुकादमीण म्हणाली.

त्या दोघींपैकी एक आयाबाई. तीस वर्षं दवाखान्यात आया होती. माणूस येताना कसा येतो आणि जाताना कसा जातो हे दोन्ही पाहून तिला कशाचंच नवल उरलं नव्हतं. दुसरी शिट्टी. पुढच्या दोन दातांत फट, त्यामुळे बोलली की मधूनमधून शिट्टी वाजायची. आणि ती सारखी बोलायची.

पहिल्याच महिन्यात त्यांनी एक घोळ घातला. धान्याच्या व्यापाऱ्याची गादी उसवली तर आतून रिबिनीत बांधलेलं पत्रांचं पुडकं निघालं. तिघीही सचोटीच्या. परक्याची वस्तू आपल्याकडे नको म्हणून पुडकं जसंच्या तसं त्याच्या घरी पोचतं केलं. व्यापारी दुकानात होता, म्हणून बायकोच्या हातात दिलं. अक्षर बायकोचं नव्हतं. त्या दिवसापासून व्यापारी दुकानात पोत्यांवर झोपायला लागला, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचे नऊ आठवडे शेडमध्ये एकही गादी आली नाही. एकही म्हणजे एकही नाही. अख्खं शहर आपापल्या गादीवर हात दाबून बसलं होतं. कुणाकुणाच्या गादीत काय काय आहे, ते तिघींना तेव्हा न उसवताच कळलं.

मग मुकादमिणीने पाटी रंगवून घेतली. गादीतलं गादीत. कापसातून जे निघेल ते शेजारच्या पत्र्याच्या वाटीत ठेवायचं. कोणत्या कोपऱ्यापासून किती वितींवर होतं ते मोजायचं आणि भरताना तिथेच ठेवून दाभणाने टाके घालायचे. बघायचं नाही, विचारायचं नाही, बोलायचं नाही. कुणी विचारलंच, "काय निघालं हो?" तर उत्तर एकच: कापूस.

आणि काय सांगावं! गाद्यांची रांग लागली. लोकांचा या बायकांवर इतका विश्वास बसला की काहीजण नीट असलेली गादीही वर्षातून एकदा पाठवायला लागले, आतलं जागेवर आहे ना एवढं बघून घ्यायला. मुकादमीण देवाच्या तसबिरीला सांगायची, "तुला सगळ्यांच्या मनातलं कळतं, मला गादीतलं. तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही. पण तुझ्या दारात पेढीसारखी गर्दी आणि मला अजून पत्र्याची शेड, हे काही बरोबर नाही."

नियम तिने एकदाच मोडलेला पाहिला. एका वकिलाच्या गादीतून त्याची नापासाची गुणपत्रिका निघाली आणि शिट्टीच्या पोटात ती राहिना. नळावर तिने ती वाजवली. मुकादमिणीने त्याच दिवशी तिला आठ दिवस घरी बसवलं. "परत झालं तर कायमची," असं बजावून. शिट्टी नवव्या दिवशी कामावर आली, फुगलेलं तोंड घेऊन. ही गोष्ट त्याच दिवसाची.

पण त्याआधी घरातलं सांगायला हवं; इतका पूर्वरंग ऐकला तसा एवढाही ऐका.

मुकादमिणीच्या सासूकडे सोन्याच्या दोन बांगड्या होत्या. एक मुलीसाठी, एक स्वतःच्या म्हातारपणासाठी. मुकादमीण लग्न होऊन घरात आली आणि चौथ्या महिन्यात म्हातारपणाची बांगडी नाहीशी झाली. कुणी तक्रार केली नाही, कुणी तिला चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, तोंड उघडून भांडता आलं असतं. सासू फक्त पाहुण्यांना सांगायची, "हात धुताना अंगठी सांभाळा हो, आमच्याकडे वस्तूंना पाय फुटतात." आणि बघायची सुनेकडे. नणंद माहेरी आली की एकच बांगडी घालून यायची आणि दुसरा हात वर करून म्हणायची, "हा आपला मोकळाच राहिला बाई." अशी अठरा वर्षं. नवरा बसवर कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण घरात भांडण चढलं की हा पुढच्या स्टॉपवर उतरायचा.

शहरभरच्या गाद्या फुलवणाऱ्या बाईच्या घरात सासूची एकच गादी तेवढी कधी उसवली गेली नव्हती. मधोमध टेकाड, कडेला खड्डे. मुकादमिणीने दहादा विचारलं असेल. "माझ्या पाठीला सवय आहे," सासू म्हणायची. मुकादमीण मनात म्हणायची, बघा, चोराच्या हाती कापूससुद्धा द्यायला तयार नाही.

तर सासू दहा दिवसांसाठी लेकीकडे गेली, आणि चौथ्या दिवशी कंडक्टरला आईची माया आली. गादी हातगाडीवर घालून त्याने शेडच्या दारात आणून टाकली. "आई येईपर्यंत मऊ करून ठेव. तिला सांगू नकोस, चकित होऊ दे." एवढं बोलून तो ड्यूटीवर गेला.

शिट्टीने खोळ उसवली. काळपट, घट्ट बसलेल्या कापसात हात घातला आणि कोपरापर्यंत गेल्यावर थांबली. बाहेर काढला तो गाठ मारलेला पुरुषी पायमोजा. गाठ कुजली होती, तिच्या हातातच सुटली. बांगडी घरंगळत मशीनच्या पायाशी जाऊन आडवी पडली.

आयाबाईने मशीन बंद केलं. अठरा वर्षांची हकिगत त्या दोघींना तोंडपाठ होती.

"ताई," शिट्टी म्हणाली, आणि फटीतून शिट्टी वाजलीच, "चला. आत्ता. बांगडी काठीला बांधू आणि वरात काढू. पहिली तुमच्या गल्लीतून, मग नणंदेच्या."

"वाटीत ठेव," आयाबाई म्हणाली.

"आयाबाई, तुम्हाला काळीज आहे का?"

"आहे. म्हणूनच म्हणते. वकिलाला नियम आणि सासूला वरात? उद्या लोक विचारतील, हिने घरच्या म्हातारीचं चव्हाट्यावर आणलं, आपलं काय झाकणार? परत नऊ आठवडे माश्या मारायच्यात का? माझ्या घरात खाणारी पाच तोंडं आहेत."

"आणि ताई चोरच राहणार?"

दोघींनी मुकादमिणीकडे पाहिलं. ती बांगडी उचलून उभी होती.

"देवा," ती तसबिरीकडे वळून म्हणाली, "अठरा वर्षं म्हणत होते, सापडू दे, सापडू दे. सापडवलीस ती कुठे? माझ्याच पाटीखाली? विहिरीत सापडली असती, उकिरड्यात सापडली असती, बोंबलत घरी नेली असती. तुझं माझ्याशी काही वाकडं आहे का?"

देव काही बोलला नाही. त्याचाही नियम असेल.

"वाटीत ठेवते," ती म्हणाली. पण ठेवली नाही. हातातली बांगडी बघता बघता तिने ती बोटांवर चढवली, अंगठा आत दुमडला, आणि जोर लावला. बांगडी बारीक हाताची होती. चढताना चढली. उतरताना मात्र अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली ती अडलीच. मुकादमिणीने ओढली, शिट्टीने ओढली, आयाबाईने तिचा हात वर धरून रक्त उतरायची वाट पाहिली. हात तेवढा लाल झाला.

"साबण आण," मुकादमीण शिट्टीला म्हणाली. शिट्टी दारापर्यंत गेली आणि दुप्पट वेगाने परत आली.

"ताई, सासू!"

झालं होतं ते असं की चकित करण्याचा आनंद कंडक्टरच्या पोटात मावला नव्हता. त्याने सकाळीच आईला फोन करून सांगितलं होतं, "तू ये, तुझी गादी कशी लोण्यासारखी झालेली असेल!" म्हातारीने हातातला घास ताटात टाकला आणि मिळेल ती बस पकडली होती. गेली सहा वर्षं जिचे गुडघे दोन पायऱ्या चढत नव्हते, ती बाई डेपोपासून शेडपर्यंत पळत आली होती.

मुकादमिणीने जे सुचलं ते केलं. शेजारी पिंजलेल्या कापसाचा ढीग होता, त्यात हात खुपसला कोपरापर्यंत, आणि ढिगाशी तशीच बसून राहिली.

सासू दारात धापा टाकत उभी राहिली. तिने आधी खोळ पाहिली, उसवलेली. मग कापूस पाहिला. मग सून.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"तुमच्या लेकाने."

"तो मेला गाढव आहे."

"ते मला माहीत आहे, आई. बसा. पाणी घ्या."

"पाणी नको." सासू बसली मात्र. नजर जमिनीवरून फिरत राहिली. "काय... काय निघालं?"

"कापूस," तिघी एका सुरात म्हणाल्या.

सासूला ती पाटी ठाऊक होती. सगळ्या शहराला ठाऊक होती. या बाया सांगणार नाहीत आणि त्यांना सगळं कळलेलं आहे, हे दोन्ही तिला एकदमच उमगलं असावं, कारण तिच्या कपाळावर घाम आला. तिने पदराने तो टिपला, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी सहज बोलल्यासारखी म्हणाली, "त्यात माझी एक वस्तू होती. ती तेवढी दे."

आता इथे मुकादमिणीच्या डोक्यात जे आलं ते कुठून आलं, देव जाणे. तो जाणतोच, आणि बहुतेक त्यानेच पाठवलं असणार. अठरा वर्षांची थकबाकी त्याच्याकडेही होती.

"देते की," ती म्हणाली. "पण आमचा नियम आहे. मालकाला वस्तू हातात हवी असेल तर ती काय आहे ते दोन साक्षीदारांसमोर तोंडाने सांगावं लागतं. उगाच एकाचं दुसऱ्याला जायला नको."

असा नियम त्या घटकेपर्यंत नव्हता. पण आयाबाईने अशी मान हलवली की जणू तो आजीच्या काळापासून चालत आला होता.

"आता तुला माहीत नाही का काय आहे ते!"

"आम्ही बघत नाही, आई."

सासूने ओठ चावला. "गोल आहे."

"कांदाही गोल असतो," शिट्टी म्हणाली.

"तू गप गं! पिवळी आहे."

"कसली?"

"हातात घालायची."

"घड्याळ?" आयाबाईने शांतपणे विचारलं.

"घड्याळ कसलं! बांगडी! बांगडी आहे, माझी बांगडी!" सासू ओरडली. म्हातारी अंगात हवा राहिली नसल्यासारखी बसली. मग कुणीही न विचारता बोलायला लागली. "माझा धाकटा मुलगा मोटारसायकल घेणार होता. बांगडी विकायला मागायचा. मी लपवली आणि त्याला म्हटलं, चोरीला गेली. तो म्हणाला, कुणी नेली? मी नाव घेतलं नाही हो कुणाचं. देवाशपथ नाही घेतलं. नुसतं तुझ्याकडे बघितलं."

"अठरा वर्षं," मुकादमीण म्हणाली.

"एकदा बघितलं की मान परत वळवता येत नाही गं. तो परदेशी गेला, तेव्हा सांगायचं होतं. पण तोवर तुला चोर म्हणून दोन वर्षं झाली होती. मग चार झाली. पुढे काय, रोज त्याच्यावरच झोपायचं आणि रोज टोचायचं."

"ते टेकाड बांगडीचं नव्हतं आई, कापसाचं होतं. पिंजून घ्यायला हवं होतं."

मग मुकादमिणीने कापसातून हात काढला. मनगटावर बांगडी चमकत होती. सासूचे डोळे विस्फारले.

"घातलीस?"

"चोरलेली बांगडी हातात कशी दिसते ते बघत होते. अठरा वर्षं ऐकतेय, म्हटलं एकदा घालून तरी बघावी."

"काढ ती!"

"निघत नाही."

शिट्टीने साबण आणला. पुढचा पाव तास जे झालं ते बघायला शहर लोटायला हवं होतं. मुकादमीण जमिनीवर पाय रोवून बसलेली, आयाबाईने तिला मागून कमरेला धरलेलं, आणि सासू दोन्ही हातांनी बांगडी ओढते आहे, तोंडाने चालूच, "हात आहे का खांब! वाळू वाहून वाहून हाडं कशी झालीत बघ! अंगठा दुमड, दुमड म्हणते ना!" शेवटी थोडी कातडी घेऊन बांगडी निघाली आणि म्हातारी मागच्या मागे कापसात पडली. पडली तरी बांगडी सोडली नाही.

उठल्यावर तिला आपली अब्रू आठवली. तिने बांगडी पुसली, पायमोज्यात घातली आणि सुनेपुढे धरली. "घे. होती तिथे शिवून टाक. आणि घरी अवाक्षर काढायचं नाही. तुमचीच पाटी आहे."

मुकादमिणीने हाताकडे पाहिलं. बोट सोललेलं, मनगट लाल, आणि वर पाटी. म्हातारीने बरोबर नस पकडली होती. शिट्टी दात आवळून उभी होती; आयाबाई जमिनीकडे बघत होती. पाटी खरी ठेवायची तर घरात चोर म्हणूनच मरावं लागणार होतं.

मग मुकादमिणीने पायमोजा घेतला आणि वाटीत ठेवला.

"पाटी बरोबर आहे, आई. बांगडी गादीतून निघाली, ती गादीत जाईल, आणि तिच्याबद्दल आम्ही तिघी मेलो तरी बोलणार नाही. पण 'मीच ठेवली' हे काही गादीतून निघालं नाही. ते तुमच्या तोंडातून निघालं. तोंडाची पाटी आम्ही अजून रंगवलेली नाही."

"मी जरा नळावर जाऊन येते," शिट्टी म्हणाली आणि बादली उचलली.

"खाली ठेव ती!" मुकादमीण गरजली. मग सासूकडे वळून हळू म्हणाली, "ही सांगणार नाही आणि मीही सांगणार नाही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, सून सासूवर उलटली. तुम्हीच सांगायचं. वन्संना सांगायचं. त्यांनी मला हात वर करून करून दाखवलाय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काही नाही. हंगामाचं काम तुंबलंय. तुमची गादी रांगेत लागेल. चार महिने, सहा महिने."

"मग मी झोपू कशावर?"

"जमिनीवर. पाठीला सवय आहे."

सासू तणतणत निघून गेली. घरी तिने लेकाला सांगितलं की तुझ्या बायकोची माणसं कामचुकार आहेत. लेक म्हणाला, हो का, आणि ड्यूटीवर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा शेडच्या दारात उभी राहिली, कमरेत वाकलेली, एक हात पाठीवर. आत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लाव फोन. मोठ्याने लाव, मला ऐकू येत नाही." शिट्टीने फोन लावला आणि इतक्या आदराने तिच्या हातात दिला की आयाबाईला हसू दाबावं लागलं.

"अगं, बांगडी सापडली," सासू म्हणाली. "मी म्हणतच होते, हिने घेतली नसणार."

"कधी म्हणत होतीस?" पलीकडून नणंद.

"मनात."

"आई! कुठे होती पण?"

"गादीत."

"गादीत कुणी ठेवली?"

सासूने सुनेकडे पाहिलं. मुकादमीण दाभणात दोरा ओवत होती आणि दोरा ओवला जात नव्हता. म्हातारीने मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं.

"मी ठेवली. धाकट्याच्या धाकाने. हिला उगीच बोल लागला. मीच लावला."

मग नणंदेचा आवाज आला, लहान झालेला. "वहिनी आहे का तिथे?"

"आहे," मुकादमीण म्हणाली.

"वहिनी... वहिनी, माझी पण गादी दगड झालीय हो. पाठवू का?"

"पाठवा, वन्सं. आधी एकदा चाचपून बघा."

फोन बंद झाल्यावर मुकादमिणीने मशीन चालू केलं. आत कापूस नव्हता. ते नुसतंच घरघरत राहिलं, आणि ती त्याच्याकडे पाठ करून नाकावरचं फडकं डोळ्यांवर दाबून उभी राहिली. शिट्टीने तोंड उघडलं, आयाबाईने तिच्या पायावर पाय दिला. थोड्या वेळाने मुकादमिणीने बटण दाबलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "आणा म्हातारीचा कापूस."

दुपारपर्यंत गादी भरून झाली. वाटीतला पायमोजा काढून तिने कोपऱ्यापासून विती मोजल्या.

"आणखी डावीकडे," स्टुलावरून सासू म्हणाली.

"माप आहे आमच्याकडे, आई."

"तुमचं माप चुकलंय. रात्रंदिवस मी झोपले त्याच्यावर का तू?"

मुकादमिणीने पायमोजा चार बोटं डावीकडे सरकवला आणि टाके घातले. सासूने पैसे देण्याआधी माल तपासणार म्हणून शेडमध्येच गादीवर अंग टाकलं. कापूस चांगला हातभर फुगला होता. म्हातारी त्यात दिसेनाशी झाली. तिघी वाकून बघायला लागल्या.

"अगं बाई," आतून आवाज आला, "एवढी मऊ कशाला केलीत? मला उठता येईना! बघता काय, ओढा!"